मामेभाऊ

आमच्या बालगृहात १ जून हा दिवस गणपतीइतकाच मोठा. साठ पोरांतल्या जवळपास चाळीस जणांचा वाढदिवस त्याच दिवशी. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून टाकून मोकळे होतात, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. इतरांच्या घरी असा एखादा आजोबा असतो, आमच्याकडे पंगतच्या पंगत होती. दरवर्षी केक यायचा आणि नाव कुणाकुणाचं घालणार म्हणून त्यावर नुसतं ‘हॅपी बर्थडे’ असायचं. त्याच संध्याकाळी, ज्यांना अठरा पूर्ण झाली अशा चार-पाच जणांच्या पेट्या व्हरांड्यात येऊन बसायच्या.

२०२२ च्या १ जूनला माझी पेटी आली.

अधीक्षक सरांनी हातात एक प्लास्टिकची फाइल दिली. आधार कार्ड, दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, बाल कल्याण समितीचा आदेश, बँकेचं पासबुक आणि सहा पासपोर्ट फोटो. ‘‘पेटी गेली तर जाऊ दे, ही फाइल जाऊ द्यायची नाही,’’ सर म्हणाले. स्वयंपाकाच्या मावशींनी शंभराची नोट खिशात कोंबली आणि लगेच आत गेल्या, कारण रात्रीचं वरण चुलीवर होतं.

कायद्याने मी त्या दिवसापासून ‘बालक’ राहिलो नव्हतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये कलम ४६ आहे. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक मदत देता येईल, असं ते सांगतं. ‘देता येईल’ आणि ‘द्यावी’ यातला फरक तेव्हा मला कळत नव्हता, पुढे सहा महिन्यांत चांगलाच कळला. या मदतीला सरकारी मराठीत अनुरक्षण म्हणतात, इंग्रजीत आफ्टरकेअर. आम्ही पोरं नुसतं ‘आफ्टर’ म्हणायचो. ‘तुझं आफ्टर झालं का?’ ही मदत अठरा ते एकवीस वयापर्यंत मिळते, अगदीच अपवाद म्हणून तेवीसपर्यंत.

माझी अडचण साधी होती. मी दहावी २०२० ची, भूगोलाचा पेपर लॉकडाऊनने खाल्लेल्या बॅचचा. त्या वर्षी आयटीआयचे प्रवेश लांबले, फिटर ट्रेडची दोन वर्षं पुढे सरकली आणि मला अठरा पूर्ण झाली तेव्हा शेवटची परीक्षा दोन महिने लांब होती. अनुरक्षणगृहात जागा होती, पण दुसऱ्या जिल्ह्यात. तिकडे जावं तर आयटीआय सुटणार, इथे राहावं तर राहायचं कुठे? हा पेच कुणाला सहा महिने आधी सुचला असता तर सुटलाही असता. आमच्या प्रत्येकाची एक ‘वैयक्तिक काळजी योजना’ असते, फॉर्म भरलेला असतो. माझ्या फॉर्मात ‘भविष्यातील ध्येय’ समोर लिहिलं होतं, ‘आयटीआय करून नोकरी’. मधल्या दोन महिन्यांसाठी त्यात ओळ नव्हती.

मी बायपासवरच्या एका हॉटेलात राहिलो. संध्याकाळी पाच ते रात्री बारा टेबलं पुसायची, त्या बदल्यात दोन वेळचं जेवण, आठवड्याला सातशे रुपये आणि माळ्यावर झोपायला जागा. माळ्यावर कांद्याच्या गोण्या होत्या. सकाळी आयटीआयमध्ये शेजारचा मुलगा नाक मुरडायचा. प्रॅक्टिकलला चौकोनी फिटिंगचा जॉब आला. लोखंडाचे दोन तुकडे कानस मारून असे करायचे की एक दुसऱ्यात अलगद बसला पाहिजे. मग जोड उजेडाला धरून बघतात, मधून प्रकाशाची रेघ दिसली की मार्क गेले. माझी रेघ एका कोपऱ्यात दिसत होती. गुरुजींनी जोड दोनदा फिरवून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि पास केलं.

या काळात बँकेने मला जो हिसका दाखवला तो कुणीच आधी सांगितला नव्हता. खातं लहानपणी उघडलेलं, पालक म्हणून सरांची सही. अठरा पूर्ण झाल्यावर त्या सहीची किंमत संपते आणि नवी सही, नवे कागद देईपर्यंत खातं थांबतं. माझी स्कॉलरशिप त्यात अडकली. काउंटरवरच्या साहेबांनी पत्त्याचा पुरावा मागितला. आधारवर पत्ता बालगृहाचा. ‘‘तिथे राहतोस?’’ नाही. ‘‘मग कुठे राहतोस?’’ हॉटेलच्या माळ्यावर, असं बँकेत कसं सांगणार? शेवटी सर स्वतः आले, लेटरहेडवर पत्र दिलं, तेव्हा ते सुटलं. ज्यांचे सर येत नाहीत त्यांची खाती तशीच पडून राहतात, अशी माझ्या ओळखीत तीन आहेत.

आफ्टरच्या पैशांसाठी जिल्ह्याला पाच खेपा झाल्या. जिल्हा बाल संरक्षण कक्षात एक परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलांच्या केसेस बघणाऱ्या मॅडम होत्या, त्या खरंच मनापासून धडपडायच्या. त्याच वर्षी मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेची नवी मार्गदर्शक तत्त्वं आली होती आणि महिन्याची रक्कम चार हजार झाली होती. पण नवा आकडा आला की नवा फॉर्म येतो, नवा फॉर्म आला की जुना अर्ज परत येतो. माझा अर्ज दोनदा परत आला. एकदा समितीची बैठक कोरमअभावी झाली नाही. पहिले पैसे फेब्रुवारी २०२३ मध्ये आले, पाच महिन्यांचे एकदम, वीस हजार. तोवर मी त्यांची आशा सोडून हातउसने घेऊन बसलो होतो, त्यामुळे आले तसे वाटले गेले.

अनाथ प्रमाणपत्राचं मात्र वेगळंच झालं, आणि त्याबद्दल मला अजून नीट बोलता येत नाही.

राज्यात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे. त्यासाठी महिला व बाल विकासच्या विभागीय उपायुक्तांचं प्रमाणपत्र लागतं. माझा बालगृहातला दोस्त, त्याला आम्ही सगळे बारक्या म्हणतो, त्याला ते मिळालं. तो रेल्वे स्टेशनवर सापडलेला, आईवडील कोण हे कुणालाच माहीत नाही, नावातलं मधलं नावसुद्धा संस्थेने दिलेलं. त्याची फाइल स्वच्छ होती, म्हणजे त्यात काहीच नव्हतं. माझ्या फाइलमध्ये दोन शब्द होते. वडील ‘मयत’, आई ‘बेपत्ता’. मयताचा दाखला मिळतो. बेपत्ताचा दाखला कुठे मिळतो ते मला माहीत नव्हतं. कार्यालयातल्या एका क्लार्कने चांगुलपणाने सुचवलं की सात वर्षं काही पत्ता नसेल तर कोर्टात जाऊन तिला मृत मानून घेता येतं, वकील फार घेत नाही. मी हो हो म्हटलं, बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला आणि एसटी पकडली. वकिलाकडे मी अजून गेलेलो नाही. बारक्या यावरून मला मूर्ख म्हणतो. असेन.

आयटीआयच्या रोजगार मेळाव्यात चाकणच्या एका कंपनीने अप्रेंटिस म्हणून घेतलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी मध्यम कंपनी. एक वर्ष, महिन्याला साडेनऊ हजार. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं की अप्रेंटिसला पगार नव्हे, विद्यावेतन मिळतं, आणि पीएफ कापला जात नाही. एका अर्थी ते माझ्या पथ्यावर पडलं. ‘नोकरी लागली, आता आफ्टर बंद’ असं जिल्ह्याहून कळवलं तेव्हा ही नोकरी नव्हे, शिक्षणच आहे, हे त्या मॅडमनीच फायलीवर लिहून पटवलं.

पण पुण्याला गेल्यावर आधी राहायला जागा हवी होती. भोसरीत कॉटबेसिसवर जागा मिळतात, एका खोलीत चार कॉट, तेव्हा कॉटमागे तीन हजार, एक महिन्याचं डिपॉझिट. पहिल्या ठिकाणी घरमालक काकांनी पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, ‘‘गाव कुठलं? घरी कोण कोण असतं?’’

मी म्हटलं, ‘‘आई, वडील, एक लहान भाऊ. शेती आहे.’’

कुठून आलं हे तोंडात, देव जाणे. लहान भाऊसुद्धा जन्माला घातला मी. काका खूश झाले, त्यांचं स्वतःचं गाव जुन्नरकडचं, शेतीतच वाढलेले. पाऊस कसा आहे, सोयाबीन की कापूस, असं विचारत बसले. मी सोयाबीन म्हटलं. मग वहीत नाव लिहिताना म्हणाले, ‘‘वडिलांचा नंबर सांग, एकदा बोलून घेतो त्यांच्याशी.’’ मी फोन काढला, नंबर शोधल्यासारखं केलं, आणि नेटवर्क नाही, बाहेर जाऊन बघतो म्हणून उठलो तो सरळ बसस्टॉपवर आलो. पाण्याचा अर्धा ग्लास तसाच राहिला.

दुसऱ्या ठिकाणी ठरवलं, खरं सांगायचं. तिथे मालकीणबाईंनी आधारची झेरॉक्स हातात घेऊन पत्ता मोठ्याने वाचला, ‘मुलांचे बालगृह’. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना ‘रिमांड होम’ ऐकू आलं. मी समजावलं की कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांना ठेवतात ते निरीक्षणगृह वेगळं, आणि ज्यांना सांभाळायला कुणी नाही त्यांचं बालगृह वेगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. ‘‘सिंधुताईंच्यासारखं का?’’ हो, तसंच काहीसं. सिंधुताईंचं नाव आमच्या कितीतरी पोरांना गेटच्या आत घेऊन गेलंय, त्यांच्या संस्थेशी काडीचाही संबंध नसलेल्या पोरांनासुद्धा. पण या बाईंनी शेवटी पोलिस व्हेरिफिकेशनचं कारण काढलं. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते हे खरंच आहे, पण त्यात बालगृहाचा पत्ता चालत नाही असं कुठे लिहिलेलं नाही. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी ‘बरं काकू’ म्हणून निघालो.

अकरा रात्री कंपनीतल्या एका ऑपरेटरच्या खोलीवर काढल्या. तो बिहारचा, त्याने घरी कोण असतं ते विचारलंच नाही. त्याला फक्त हवं होतं की मी सकाळी त्याच्या आधी आंघोळ करू नये.

मग परिविक्षा अधिकारी मॅडमनी एका संस्थेचा नंबर पाठवला. बाल न्यायाच्या नियमांत लिहिलंय की अशा मुलांसाठी सहा ते आठ जणांची तात्पुरती गट-घरं करता येतील. ही संस्था तेच करत होती. फ्लॅट त्यांनी स्वतःच्या नावावर घेतला होता, लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून, आणि आम्ही वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या बालगृहांमधून आलेले सहा जण त्यात. पहिलं वर्ष भाड्यातला अर्धा वाटा संस्थेचा, मग हळूहळू आमच्यावर. बारक्या माझ्या आधी महिनाभर तिथे पोचला होता. तो एका गोदामात पॅकिंगला होता आणि पोलिस भरतीची तयारी करत होता. पहाटे साडेचारला उठून सोळाशे मीटर पळायचा, परत येऊन सगळ्यांची झोपमोड करायचा. आम्ही त्याला काही म्हणत नव्हतो. घंटेशिवाय उठायची आम्हाला कुणालाच सवय नव्हती, त्यामुळे तोच आमची घंटा झाला.

त्या घरातला पहिला रविवार. जेवण करायचं ठरलं. सहाही जण वर्षानुवर्षं संस्थेच्या स्वयंपाकघरात पाळीने राबलेले, भाजी निवडण्यात, कणीक मळण्यात कुणी मागे नाही. बारक्याने डाळ मोजली, पाणी घातलं, आणि थबकला. साठ जणांच्या वरणाला डाळ किती, हळद किती मुठी, हे आम्हाला तोंडपाठ होतं. सहा जणांचं प्रमाण एकालाही येत नव्हतं. ‘‘दहाने भाग ना,’’ कुणीतरी म्हणालं. भागलं. हळदीच्या मुठीला दहाने भागता येत नाही. त्या दिवशीचं वरण आम्ही मंगळवारपर्यंत खाल्लं.

गॅस कनेक्शनला पत्त्याचा पुरावा हवा, म्हणून पाच किलोचा छोटा सिलिंडर आणला, तो नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. जो कुणी आत्ता बाहेर पडत असेल त्याने हे लक्षात ठेवावं. विद्यावेतनाचे पहिले साडेनऊ हजार माझे नऊ दिवसांत संपले. बूट, मोबाइल, आणि सगळ्यांना एक पार्टी. महिन्याचे उरलेले एकवीस दिवस मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दुपारी इतकं जेवायचो की वाढणारे काका मला ‘पैलवान’ म्हणायला लागले. पैसे वापरायला शिकवणारी दोन तासांची कार्यशाळा आम्हाला बालगृहात झाली होती, तिथे पिगी बँकही वाटल्या होत्या. हातात एकाच वेळी शंभराच्या वर रुपये कधी आलेच नव्हते, तर त्या पिगी बँकेत घालणार काय?

ऑगस्ट २०२३ मध्ये मला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स घसरल्या, रात्री बारक्याने रिक्षातून हॉस्पिटलमध्ये नेलं. कॅज्युअल्टीत सिस्टरने फॉर्म पुढे केला, ‘नातेवाईकाचे नाव, नाते, सही’. मी तापात होतो, पण हे मला स्वच्छ आठवतं. बारक्याने पेन घेतलं, स्वतःचं नाव लिहिलं आणि ‘नाते’समोर ‘भाऊ’ लिहिलं. सिस्टरने दोन्ही आडनावं पाहिली, मग आम्हा दोघांची तोंडं पाहिली. बारक्याने पेन परत मागितलं आणि ‘भाऊ’च्या आधी ‘मामे’ घातलं.

‘‘माझ्या आत्याचा मुलगा आहे हा,’’ तो म्हणाला. पुढे चार दिवस तो वॉर्डात सगळ्यांना या आत्याबद्दल सांगत होता. स्वभावाने कडक आहे, पण मनाने चांगली. पुरणपोळी फार छान करते. शेजारच्या बेडवरच्या आजी म्हणाल्या, ‘‘मग येत का नाही रे पोराला बघायला?’’ बारक्या म्हणाला, ‘‘गुडघे दुखतात तिचे.’’ मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. हसू येत होतं की काय येत होतं, सांगता येणार नाही.

तेव्हापासून घरातले सगळेच एकमेकांचे मामेभाऊ झाले. आडनाव वेगळं असलं तरी चालणारं दुसरं नातं आम्हाला सापडलं नाही. आते-मामेभावंडांत सगळं खपतं, आणि कुणी खोलात शिरत नाही. ड्रायव्हिंग स्कूल, मोबाइलच्या हप्त्याचा जामीन, कोर्सचा ‘लोकल गार्डियन’, सगळीकडे मामेभाऊ. एकदा एकाच दुकानात एकाच आठवड्यात आम्ही तिघांनी एकमेकांचं नाव मामेभाऊ म्हणून दिलं. दुकानदार म्हणाला, ‘‘तुमचा मामा म्हणजे भारीच दिसतोय.’’

अप्रेंटिसशिप संपल्यावर कंपनीने मला तीन महिने कॉन्ट्रॅक्टवर ठेवलं आणि मग दुसऱ्या कंपनीत ओळखीने काम लागलं. ओळख कुणाची, तर त्या बिहारी ऑपरेटरची. हातात सतरा हजार, ईएसआयसी म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, आणि पीएफ. जॉइनिंगच्या दिवशी एचआरच्या मॅडमनी कागदांचा गठ्ठा दिला. त्यात पीएफचा नामनिर्देशनाचा फॉर्म होता. मी सवयीने बारक्याचं नाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात ‘मामेभाऊ’ लिहायला गेलो आणि हात थांबला. पैशांचा कागद आहे, उद्या खोटं ठरलं तर? मॅडमना विचारलं. त्यांनी फॉर्म उलटून दाखवला. आपल्यावर अवलंबून असलेले आईवडील, बायको, मुलं, अशी पीएफच्या नियमात कुटुंबाची व्याख्या आहे, त्यातलं कुणी असेल तर त्यांचंच नाव द्यावं लागतं. मामेभाऊ खरा असला तरी त्या व्याख्येत बसत नाही. आणि ज्याला कुटुंबच नाही तो कुणाचंही नाव देऊ शकतो.

‘‘तुझ्या घरी कोण आहे?’’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं. पहिल्यांदाच कुठल्याही ऑफिसात एका दमात सांगितलं, आई बेपत्ता आहे इथपर्यंत. त्यांनी क्षणभर पेन खाली ठेवलं. आईचं काय करायचं ते त्यांनाही लगेच सुचलं नाही. कुणाला तरी फोन लावला, दोन मिनिटं बोलल्या, मग म्हणाल्या, ‘‘आत्ता हेच नाव दे. ती आल्यावर बदलता येतं.’’ ‘आली तर’ नाही म्हणाल्या. मी रकान्यात ‘मित्र’ लिहिलं.

खाली छापील मजकूर होता, त्याच्या खाली माझी सही हवी होती. मला कुटुंब नाही असं मी प्रमाणित करतो, आणि यापुढे मला कुटुंब झाल्यास वरील नामनिर्देशन रद्द समजावे.

बारक्याची जन्मतारीख भरायची राहिली होती, म्हणून त्याला गोदामात फोन लावला आणि हे सगळं वाचून दाखवलं. पलीकडे टेपचा चर्रर्र आवाज चालू होता, तो थांबला.

‘‘म्हणजे मामेभाऊ होतो तो आधी मित्रावर आलो,’’ तो म्हणाला, ‘‘आणि तुझं लग्न झालं की डायरेक्ट कटाप?’’

‘‘तसंच लिहिलंय.’’

‘‘बरं, लिही. तारीख काय लिहितोस?’’

‘‘तारीख माहितीये रे,’’ मी म्हटलं, ‘‘वर्ष सांग फक्त.’’